नळाचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये म्हणतात. नळाबद्दल जुनी माणसे काही बोललेली नाहीत. आपल्याकडे नळाची चौकशी म्हणजे "पाणी आलं का?" एवढीच. नळ म्हातारा झाला की भंगारवाला तो तराजूत टाकतो, पितळेचा भाव सांगतो आणि विषय संपतो. हा नळ कोणी घडवला असे त्याला विचारून पाहा. गिऱ्हाईक कच्चे आहे हे ओळखून तो किलोमागे पाच रुपये कमी करील!

माझा भाचा मात्र कोपनहेगनला असतो. तिथे त्याने जुना फ्लॅट घेतला आणि न्हाणीघर नवे करायला काढले. भिंतीतून बाहेर आलेली एक बारीक तोटी, शेजारी एक गोल मूठ, तिला काडीएवढा दांडा. बस्स, एवढाच नळ. फोटो पाठवून त्याने विचारले, "मामा, हा विकला तर किती येतील?" चोरबाजारात चार चकरा मारलेला माणूस नातेवाइकांत तज्ज्ञ ठरतो. "अहो, आपला मोरीतला नळ गळतोय, त्याचं काय?" असा प्रश्न स्वयंपाकघरातून आला, पण तो नळ नामवंत घराण्यातला नसल्यामुळे मी मागे ठेवला.

भाच्याच्या नळाला मात्र घराणे निघाले. १९६१ साली आर्ने जेकबसन या डॅनिश वास्तुशिल्पज्ञांनी डेन्मार्कच्या नॅशनल बँकेच्या इमारतीची स्पर्धा जिंकली. गृहस्थ भलतेच निगुतीचे. कोपनहेगनचे एसएएस हॉटेल (१९६०) बांधताना इमारतीबरोबर खुर्च्या, दिवे, दारांच्या मुठी, इतकेच काय, काटेचमचेसुद्धा त्यांनी स्वतः आखले. तेच चमचे पुढे कुब्रिकने १९६८ च्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' चित्रपटात अंतराळवीरांच्या हाती दिले. अशा माणसाला व्हर्नर ओव्हरगार्ड नावाच्या नळ-कारखानदाराने गाठले आणि आपली कल्पना सांगितली : नळाची सगळी यंत्रणा भिंतीत लपवायची, बाहेर दिसायची ती फक्त तोटी आणि मूठ. त्यातून १९६८ मध्ये 'व्होला' हा नळ निघाला. जेकबसन १९७१ मध्ये वारले, बँकेची इमारत पुरी झाली १९७८ मध्ये. म्हणजे नळ इमारतीच्या आधी तयार! आपल्याकडे इमारत होते, नळ बसतात, आणि पाण्याची वाट बघण्यात पिढी म्हातारी होते.

आता ओळख पटवायची कशी? इतक्या साध्या आकाराच्या नकला भरपूर. आधी हातात घेऊन वजन बघावे. पितळ पाण्याच्या साधारण साडेआठ पट जड. स्वस्त नळांत वापरतात तो जस्ताचा मिश्रधातू साडेसहा पटींच्या आसपास. मग न दिसणाऱ्या कडेला हलकेच ओरखडा काढावा. पिवळे दिसले तर पितळ, करडे दिसले तर नमस्कार. अर्थात पितळेची नक्कलही असू शकते. तेव्हा शेवटी मोजपट्टी घ्यावी आणि कारखान्याच्या आराखड्याशी मापे ताडून पाहावीत. कारखाना अजून चालू आहे, आणि तोच नळ अजून काढतो आहे.

किमतीची गोम इथेच आहे. जी वस्तू दुकानात नवी मिळते तिला म्हातारपणाचा मान कोण देणार? नव्याची किंमत हीच जुन्याची वरची मर्यादा. लोक काय मागतात तेही बघू नये, कितीला गेला ते बघावे. या दोहोंत सांगून आलेले स्थळ आणि ठरलेले लग्न एवढे अंतर असते.

हे सगळे मी भाच्याला समजावले. तो म्हणाला, "सोपं आहे, मामा. मूठ आणि तोटी फिरवून काढतो, उद्या प्लंबर भिंत फोडायला येतोय." माझ्या पोटात गोळा आला. अरे, अर्धा नळ भिंतीत आहे! ज्या कल्पनेसाठी जेकबसनना गाठले तीच तर आत. नुसती मूठ विकायची म्हणजे घड्याळाचे काटे विकून यंत्र केरात टाकण्यापैकी. गिऱ्हाईक ती मूठ जन्मभर फिरवील, पाणी येणार नाही.

"प्लंबरला सांग, आधी कडेच्या फरशा काढ. पाइप जरा लांब ठेवून काप. हातोडा मागून."

"तो तासावर पैसे घेतो, मामा."

"भिंत तू फोडणारच आहेस ना? मग अर्धा तास जास्त दे."

दुसऱ्या दिवशी फोटो आला. वर्तमानपत्रावर नळ सहकुटुंब बसला होता, पाठीला सिमेंट चिकटलेले. तोटीवर क्षारांचा पांढरा थर. "घासून चकचकीत करू?" म्हणे. मी निक्षून सांगितले, काथ्या लावायचा नाही, क्रोम जाईल. पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये फडकं बुडवून पुसायचं आणि लगेच धुवायचं. आणि जाहिरातीत पाठीमागचा फोटो पहिला टाकायचा.

पहिल्या गिऱ्हाइकाने किंमत विचारलीच नाही. भिंतीतला भाग बरोबर आहे का, एवढेच विचारले.