पऱ्हाटीतला 'र'

परभणी जिल्ह्यात कापसाच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. या शब्दातला अर्धा 'र' हिंदीला लागत नाही. मराठीचे मात्र त्यावाचून अडते. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या घळी. आचार्यांना दक्षिणा द्यायची, आचाऱ्यांना मजुरी. हा भेद ब्राउझरांनी कसा सांभाळला, याचा इतिहास आम्हांला उद्बोधक वाटतो.

१९९७ च्या सुमारास नेटस्केप आणि इंटरनेट एक्स्प्लोरर यांनी पानासोबत टंक पाठवण्याच्या दोन निराळ्या तऱ्हा काढल्या. मराठी पान दोन्हीकडे दिसावे, तर टंक दोन साच्यांत घडवावा लागे. शिवाय त्या टंकांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. मजकूर दिसे, पण शोधता येत नसे.

युनिकोडने ती अडचण दूर केली आणि एक नवी आणली. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा 'र' साधा र, हलन्त आणि एक अदृश्य सांधा असा लिहायचा होता. पुढे भारतीय मानकाला अनुसरून नुक्त्याचा ऱ आणि हलन्त ही रीत आली, जुनीही राहिली. डोळ्यांना दोन्ही सारख्याच.

२००८ साली ब्राउझरांची परीक्षा घेणारी 'ॲसिड-३' ही चाचणी निघाली आणि १०० गुणांसाठी चढाओढ लागली. तिच्यातले प्रश्न मुख्यतः जावास्क्रिप्ट आणि पानाची रचना हाताळणाऱ्या आज्ञांविषयीचे होते. २०२२ पासून 'इंटरऑप' उपक्रमात ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या चाचण्यांचे विषय एकत्र ठरवतात.

आता आमचा प्रश्न. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ साली 'नॉर्मलाइज' ही आज्ञा प्रमाणित झाली. एकच अक्षर निरनिराळ्या रीतींनी लिहिलेले असले तर ती त्याला एकरूप देते. परभणीच्या कृषी विद्यापीठाला ज्याच्यावाचून एक पत्रकही काढता येऊ नये, असा 'शेतकऱ्यांना' हा शब्द घ्या. नव्या रीतीने त्याची लांबी ११ भरते, जुन्या रीतीने १२. नॉर्मलाइज केल्यावरही दोन्ही असमानच. सुटा नुक्ता जोडून लिहिलेला ऱ मात्र ही आज्ञा निमूटपणे एकरूप करते! कोणत्याही ब्राउझरात उत्तर हेच येते, कारण नियमच तसा आहे. एकवाक्यतेच्या चाचणीत पैकीच्या पैकी गुण, आणि शेतकरी मात्र दोन.

तो नियम स्थैर्यासाठी गोठवलेला आहे, त्यामुळे तो बदलणे नाही. पण सगळेच नियम तसे नाहीत. शब्दाचे अक्षरशः तुकडे करणारी 'इंटल.सेगमेंटर' ही सोय क्रोममध्ये २०२० साली आली, फायरफॉक्समध्ये २०२४ साली. जुन्या नियमाने 'ऱ्या'चे दोन तुकडे पडत. २०२३ च्या युनिकोड १५.१ ने भारतीय जोडाक्षरांची दखल घेतली, आणि तो एकच तुकडा ठरला. म्हणजे चाचणीतले बरोबर उत्तरच बदलले. तसे ते बदलावे, यासाठी कुणीतरी आधी त्या उत्तराला हरकत घ्यावी लागते.

'नॉर्मलाइज'बाबत ती वाट बंद आहे. तिथे शोधाची सोय लिहिणाऱ्यानेच जुळवणीपूर्वी जुनी रीत नव्या रीतीत बदलून घ्यायची: अवघ्या एका ओळीचे काम. ती ओळ नसेल, तर पऱ्हाटीवरच्या रोगाची माहिती त्याच संकेतस्थळावर असूनही शोधणाऱ्याला 'काही आढळले नाही' असे उत्तर मिळू शकते.