‘जो-तो’ मराठीत, ‘जे-शे’ बंगालीत

‘जो येईल, तो बसेल’ हे वाक्य बंगालीत ‘जे आशबे, शे बोशबे’ असे होते. शब्दांचा क्रम तोच आणि दोन वाक्ये सांधणारी जोडीही त्याच जागी. बंगाली शिकू पाहणाऱ्या मराठी भाषकाला मिश्र वाक्यांची निम्मी वाट अशी घरूनच चाललेली असते. उरलेल्या निम्म्या वाटेवर मात्र मराठीच्या सवयी अडथळा होतात. त्यातील एका सवयीमुळे वडीलधाऱ्या माणसाचा नकळत अवमानही होऊ शकतो.

देशातील २०११ च्या जनगणनेनुसार मातृभाषा म्हणून हिंदीखालोखाल बंगालीचा आणि तिच्यानंतर मराठीचा क्रमांक लागतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ज्या पाच भाषांना अभिजात दर्जा दिला, त्यात या दोन्ही भाषा होत्या. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. पु. ल. देशपांडे यांनी पन्नाशीच्या सुमारास शांतिनिकेतनात राहून बंगालीचा अभ्यास केला; ‘वंगचित्रे’ हे पुस्तक त्यातूनच आले. भाषांतरावर न विसंबता मूळ बंगाली वाचायचे, तर तिच्या संबंधी सर्वनामांना पर्याय नाही. (या लेखातील बंगाली उदाहरणे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत.)

एकाच मुळाच्या दोन शाखा

संस्कृतातील ‘यः-सः’ ही या जोड्यांची पूर्वज होय. प्राकृतात शब्दाच्या आरंभीच्या ‘य’चा बहुधा ‘ज’ झाला आणि मराठीला ‘जो’ मिळाला. बंगाली लिपीत हा ‘य’ आजही लिहिला जातो, उच्चार मात्र ‘ज’ असाच होतो. सुनीतिकुमार चटर्जी यांनी १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बंगालीचा उगम मागधी परंपरेत दाखविला आहे. महाराष्ट्री प्राकृतात पुल्लिंगी प्रथमेचे रूप ओकारान्त, तर मागधीत एकारान्त असे. मागधीत ‘स’चा ‘श’ही होत असे. ‘जो’ आणि ‘जे’ यांतील फरक या दोन प्राकृतांची आठवण करून देतो.

लिंग गेले, आदर आला

मराठीत जोडी निवडताना पहिला प्रश्न लिंगाचा असतो : जो-तो, जी-ती की जे-ते? बंगालीत व्याकरणिक लिंगच नाही. ‘जे छेलेटा गान गाइछे, शे आमार भाई’ म्हणजे जो मुलगा गातो आहे, तो माझा भाऊ. ‘जे मेयेटा गान गाइछे, शे आमार बोन’ म्हणजे जी मुलगी गाते आहे, ती माझी बहीण. सर्वनाम बदलले नाही आणि क्रियापदही नाही. नामाला लागलेला ‘टा’ तेवढा ‘कोणी एक नव्हे, हाच’ असा निश्चितपणा दाखवितो.

मात्र गाणारी व्यक्ती आई असेल, तर ‘जे-शे’ चालत नाही. तेथे ‘जिनि गान गाइछेन, तिनि आमार मा’ असेच म्हणावे लागते. ‘जिनि-तिनि’ ही आदरार्थी एकवचनाची स्वतंत्र जोडी असून तिच्याबरोबर क्रियापदाला ‘न’ जोडला जातो. मराठी भाषकाचा पाय घसरतो तो येथेच. मराठीत आदर अनेकवचनाने दाखविला जातो : ‘जे गात आहेत, ते माझे वडील.’ त्याच हिशेबाने बंगालीत अनेकवचनी ‘जारा-तारा’ वापरले, तर ऐकणाऱ्याला एकाहून अधिक माणसे वाटतात, आणि आदर तर पोहोचतच नाही. शिक्षकाविषयी ‘शे’ म्हणणे हे मराठीत गुरुजींना अरेतुरे करण्यासारखेच आहे.

विभक्तीत हा फरक आणखी सूक्ष्म होतो. ‘जार बोइ, ताके दाओ’ म्हणजे ज्याचे पुस्तक त्याला द्या. तेच आदराने ‘जाँर बोइ, ताँके दिन’ असे होते. चंद्रबिंदूमुळे ‘ज्याचे’चे ‘ज्यांचे’ होते, फक्त वचन एकच राहते. बांगलादेशातील अनेक बोलींत हा अनुनासिक उच्चार ऐकू येत नाही, म्हणून तेथे क्रियापदाच्या रूपाकडे कान ठेवावा लागतो.

दुसरा नवा भेद माणूस आणि वस्तू यांच्यातला आहे. ‘जे पुस्तक टेबलावर आहे, ते माझे’ हे बंगालीत ‘जे बोइटा टेबिले आछे, शेटा आमार’ असे होते. वस्तूसाठी ‘शे’ नव्हे, तर ‘शेटा’. अनिश्चित गोष्टीसाठी ‘जा-ता’ ही जोडी आहे. थोडक्यात, लिंगाचा प्रश्न विसरून ‘माणूस की वस्तू?’ आणि ‘मान द्यायचा की नाही?’ हे दोन प्रश्न स्वतःला विचारायचे.

ओळखीच्या जोड्या

काळ, स्थळ, रीत आणि परिमाण दाखविणाऱ्या जोड्या मराठी कानाला परक्या वाटत नाहीत. जेव्हा-तेव्हा म्हणजे ‘जॉखोन-तॉखोन’, जिथे-तिथे म्हणजे ‘जेखाने-शेखाने’, जसे-तसे म्हणजे ‘जॅमोन-तॅमोन’, जितके-तितके म्हणजे ‘जॉतो-तॉतो’ आणि जर-तर म्हणजे ‘जोदि-ताहोले’. मराठीत ‘जेव्हा’ गाळून ‘तू आलास तेव्हा मी झोपलो होतो’ असे म्हणण्याची रूढी आहे. ती बंगालीत नेऊ नये. ‘जॉखोन तुमि एले, तॉखोन आमि घुमोच्छिलाम’ असे दोन्ही शब्द ठेवणे शिकणाऱ्याच्या सोयीचे.

‘णारा’ आणि ‘लेला’ यांचा मोह

‘गाणे गाणारी मुलगी’, ‘काल आलेला पाहुणा’ अशी धातुसाधित विशेषणे वापरून मराठी माणूस गौण वाक्य टाळतो. बंगालीत ही सोय मर्यादित आहे. ‘मी लिहिलेले पत्र’ यासाठी ‘आमार लेखा चिठि’ अशी सुटसुटीत रचना आहे. तेथे ‘मी’च्या जागी षष्ठीचे ‘माझे’ येते, हे लक्षात ठेवावे. पण ‘णारा’ला सर्वत्र चालेल असा जोडीदार नाही. बोलताना ‘जे मेयेटा गान गाइछे’ असे पूर्ण वाक्यच करावे लागते. म्हणूनच जोड्यांचा सराव बंगालीत अधिक लागतो.

प्रत्येक ‘जे’ जोडीचा नव्हे

‘आमि जानि जे शे आशबे’ या वाक्यात ‘जे’ आणि ‘शे’ शेजारी आहेत, तरी ती जोडी नाही. येथे ‘जे’ म्हणजे मराठीतील ‘की’ : मला माहीत आहे, की तो येईल. जाणणे, सांगणे, वाटणे अशा क्रियापदानंतर आलेला ‘जे’ बहुधा असाच असतो. ‘जे कोनो दिन एशो’, म्हणजे कोणत्याही दिवशी ये, यातही ‘जे’ एकटाच येतो. मात्र ‘जे’ नामाच्या आधी आला आणि ‘कोनो’ सोबत नसले, तर पुढच्या वाक्यात त्याचा जोडीदार शोधावा.

सरावासाठी एक सोपी रीत आहे. आपले वाक्य आधी मराठीत ‘जो-तो’ घालून पूर्ण करावे, मग लिंग वगळावे आणि शेवटी नात्याप्रमाणे ‘शे’, ‘तिनि’ किंवा ‘शेटा’ निवडावा. तिन्हींपैकी निवड करता येत नसेल आणि समोर अनोळखी प्रौढ व्यक्ती असेल, तर ‘जिनि-तिनि’ वापरावे. अधिक मान दिल्याबद्दल सहसा कोणी रागावत नाही.