नाव सकाळी लिहू

रात्रीचे अडीच वाजले होते आणि चूक पूर्णपणे माझी होती.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दुसऱ्यांच्या कोडमधले तारखांचे घोळ शोधायचे मला पैसे मिळतात. त्याच मी हॉटेलचं बुकिंग करताना जानेवारीऐवजी फेब्रुवारी निवडला होता. कंपनीने तीन महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं होतं. परतण्याआधी चार दिवस तुर्कस्तान बघावं म्हणून निघालो. इस्तंबूलहून कायसेरीचं विमान बर्फामुळे रखडलं, आणि तिथून गोरेमे नावाच्या छोट्या गावात पोचेपर्यंत मध्यरात्र उलटून गेली. कॅपाडोशियातलं हे गाव. मऊ दगड कोरून केलेली घरं, त्यातच केलेली छोटी छोटी हॉटेलं. माझं हॉटेल नऊ खोल्यांचं होतं. बेल वाजवली. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ स्वेटर चढवत बाहेर आले. त्यांनी माझा मोबाइल बघितला, स्वतःचं रजिस्टर बघितलं, मग पुन्हा माझा मोबाइल. तारखेवर बोट ठेवून ते हसले. तेव्हा मला माझा घोळ कळला.

एकही खोली रिकामी नव्हती. बाहेर गुडघाभर बर्फ. मी "सॉरी, सॉरी" करत पासपोर्ट काढला, निदान माणूस खरा आहे हे तरी पटावं म्हणून. त्यांनी पासपोर्ट हातानेच मागे सारला. मला शेगडीजवळ बसवलं, माझे ओले बूट तिच्या बाजूला ठेवले आणि आतून वाडगाभर गरम सूप आणलं. मसुराच्या डाळीचं. वर पुदिना आणि बाजूला लिंबाची फोड. बर्फात हजारो किलोमीटरवर कुणीतरी आपलंच वरण वाढावं, तसं वाटलं.

मग त्यांनी मोबाइलवर काहीतरी टाइप केलं. भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये मी सवयीने मराठी ठेवलेली होती. स्क्रीनवर आलं : "नाव सकाळी लिहू. आधी झोप."

सकाळी उठलो तेव्हा कळलं, की ज्या खोलीत मी झोपलो ती त्यांची स्वतःची होती. ते रात्रभर शेगडीजवळच्या बाकावर होते. पुढचे दोन दिवस एक खोली रिकामी झाली, तिचं नेहमीचं भाडं त्यांनी घेतलं. पहिल्या रात्रीचे पैसे मात्र घेईनात. त्यांचं म्हणणं सरळ होतं : त्या रात्रीचं बुकिंगच नव्हतं, मग बिल कशाचं करू?

मी त्यांना त्यांच्या भाषेत 'अमजा' म्हणू लागलो. अमजा म्हणजे काका. नाश्त्याला मी पुन्हा आभार मानायला लागलो, तेव्हा ते दोन शब्द बोलले : "तान्री मिसाफिरी." अ‍ॅपने मराठी केलं : "देवाचा पाहुणा." न सांगता-सवरता दारात आलेल्या माणसाला तिकडे हेच म्हणतात. तो देवाने पाठवलेला, म्हणून त्याला परत पाठवायचं नाही.

यातला 'मिसाफिर' ऐकून मी थांबलो. हा शब्द आपल्याकडे आहे की! मुसाफिर. मूळ अरबी, अर्थ प्रवासी. आपल्याकडे तो प्रवासीच राहिला. तुर्की भाषेत गेल्यावर त्याचा अर्थ झाला पाहुणा. एकच शब्द, पण एकीकडे तो रस्त्यावर उभा आहे आणि दुसरीकडे घरात येऊन बसला आहे.

मी काकांना आमच्या गावाचं सांगितलं. माहूर, जिल्हा नांदेड. रेणुकामातेचं ठाणं, साडेतीन शक्तिपीठांपैकी एक. शिवाय दत्तशिखर. दत्तात्रेय आंघोळीला कुठे जातात यावर लोकांची मतं वेगळी असतील, पण भिक्षा कोल्हापूरला आणि झोप माहूरला, हे आमच्याकडे पोराटोरांनाही पाठ असतं. देव रोज रात्री मुक्कामाला आमच्या गावी येतो. काकांना हे फारच आवडलं. त्यांनी टाइप केलं : "म्हणजे तुझं गाव देवाचं हॉटेल आहे." मी हसलो. मला माझ्या आजाचं एक वाक्य आठवलं होतं, ते मात्र त्यांना सांगितलं नाही. तुम्हाला सांगेन, पण थोडं पुढे.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला अवानोसजवळची सारीहान बघायला पाठवलं. हान म्हणजे आपली सराई. तेराव्या शतकात सेल्जुक सुलतानांच्या काळात या भागातल्या व्यापारी वाटांवर अशा सराया बांधल्या गेल्या, साधारण उंटांच्या एका दिवसाच्या चालीवर एक. सारीहान 1249च्या सुमाराची. बाहेरून किल्ल्यासारखी भिंत, एकच मोठं दार, आत अंगण आणि भोवती खोल्या. रात्री दार बंद झालं की आतला व्यापारी, त्याचा माल आणि त्याची जनावरं सुरक्षित.

संध्याकाळी मोबाइलवर या सरायांबद्दल वाचत बसलो, आणि त्यात कारातायची सराई सापडली. कायसेरीच्या पूर्वेला असलेली ही सराई 1240च्या आसपास पूर्ण झाली. ती बांधणारा जलालुद्दीन काराताय सेल्जुक दरबारातला मोठा अधिकारी. सराई कशी चालवायची याचा त्याने वक्फनामा करून ठेवला. तो 1247चा दस्तऐवज आजही अभ्यासकांना उपलब्ध आहे. त्यात लिहिलं आहे, की मुक्कामाला येणाऱ्या प्रत्येकाला भाकरी, मांस आणि शिजवलेलं अन्न द्यायचं. प्रत्येकाला म्हणजे कुणाला, हेही त्याने मोघम ठेवलं नाही. मुसलमान असो वा नसो, बाई असो वा पुरुष, स्वतंत्र असो वा गुलाम, सगळ्यांना सारखं.

कारातायबद्दलची एक गोष्ट वाचून मी मोबाइल खाली ठेवला. हा माणूस स्वतः मूळचा गुलाम होता. ग्रीक वंशाचा, गुलाम म्हणून दरबारात आलेला आणि पुढे राज्य चालवण्यापर्यंत पोचलेला. 'गुलाम असला तरी त्याला तेवढंच वाढा' हे कागदावर उतरवणारा माणूस त्या रांगेत उभा राहून आलेला होता.

मला दुसरी एक सराई आठवली. बडोद्याची.

साल 1917. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि मग लंडनमध्ये शिकून परतले होते. शिक्षणाला सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती होती आणि करारानुसार बडोदा संस्थानात नोकरी करायची होती. स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न पडला, राहायचं कुठे? हिंदू हॉटेलात खरं सांगून जागा मिळणार नव्हती. टांगेवाल्याकडून पारशी सराईचा पत्ता मिळाला. दुमजली इमारत, खाली म्हातारा पारशी राखणदार. त्याला कळलं की हा पाहुणा पारशी नाही. सराई फक्त पारशांसाठी. शेवटी दोघांमध्ये एक तोड निघाली. रजिस्टरमध्ये पारशी नाव लिहायचं. भाडं दिवसाला दीड रुपया.

वर एक छोटी खोली, लागून न्हाणीघर, आणि बाकी सगळा मोठा हॉल मोडक्या बाकांनी, फळ्यांनी आणि अडगळीने भरलेला. रात्री उजेडाला राखणदाराचा एक कंदील. अंधारात वटवाघळं फिरायची. चार वर्षं जगातल्या मोठ्या ग्रंथालयांमध्ये बसलेला माणूस त्या उजेडात एकटा बसायचा. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत जागा सोड, म्हणाले. त्यांनी दोन ओळखीच्यांकडे विचारलं. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. मग रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत बाबासाहेब कमाठी बागेत जाऊन बसले.

न्यूयॉर्कमध्ये त्यांचा जिवलग मित्र कोण होता? नवल भथेना. पारशी. दोघं वसतिगृहात एकत्र राहत होते आणि ही मैत्री जन्मभर टिकली. म्हणजे प्रश्न पारशी माणसाचा नव्हता. ज्या समाजाच्या एका पोराने परदेशात खोली वाटून घेतली, त्याच समाजाची सराई मायदेशात काठ्या घेऊन उभी राहिली. माणूस चांगला की वाईट एवढ्यावर हे सुटत नाही. दार कोणत्या नियमावर चालतं, तेही बघावं लागतं.

पुढे 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले. तिथल्या घरमालकिणीबद्दल चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहिलं आहे. बाई कडक होती आणि वाढताना हात आखडता. रात्री भूक लागली की बाबासाहेब मित्राने दिलेले पापड भाजून दुधाबरोबर खायचे. आमच्या गोरेमेच्या काकांशेजारी ही बाई उभी केली, तर तिला पाहुणचारात शून्य मार्क मिळतील. पण तिने काठी उगारली नाही आणि खोटं नावही लिहायला लावलं नाही. अगदी कद्रू माणसाच्या घरातही तुम्हाला तुमच्या खऱ्या नावाने उपाशी राहता येतं, ही सुद्धा छोटी गोष्ट नाही.

बडोद्याचा हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशी माणसाला कळावं म्हणून लिहिलेल्या त्या आठवणींना नाव आहे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या 1990 साली पुस्तिका म्हणून छापल्या. मोबाइलवर तासाभरात वाचून होतात. त्यात दौलताबादही आहे, म्हणजे आपला मराठवाडाच. 1934 साली सहकाऱ्यांसोबत किल्ला बघायला गेले असताना हौदाच्या पाण्याने तोंड धुतलं, म्हणून त्यांना तिथे शिव्या खाव्या लागल्या.

आता आजाचं वाक्य.

आजा लहान असताना, निजामाचं राज्य संपून एक-दोन वर्षं झाली असतील, त्याच्या वडिलांबरोबर यात्रेला माहूरला आला होता. थंडीचे दिवस. मुक्कामाला एका धर्मशाळेच्या ओट्यावर टेकले. आतून कुणीतरी विचारलं, "कोण हाव?" माझ्या पणज्याने खरं सांगितलं. ती रात्र त्यांनी झाडाखाली काढली, बैलांच्या उबेला. नंतर 1956 साली बाबासाहेबांनी नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला, आमचं घरही त्या वाटेने गेलं आणि यात्रा सुटली. पुढे वडिलांची शिक्षकाची नोकरी माहूरला लागली आणि आम्ही त्याच गावचे झालो. गच्चीवरून गड दिसायचा. आजा तिकडे बघून म्हणायचा, "देव झोपायला येतो बाबा हितं. आमाला मातर जागा नव्हती." रागाने नाही. पाऊस यंदा उशिरा आला, असं सांगावं तसं.

भारतीय राज्यघटनेचं कलम 15 बहुतेकांनी शाळेत नागरिकशास्त्रात पाठ केलं असेल. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून भेदभाव नाही. पण त्याचं दुसरं पोटकलम सावकाश वाचा. तिथे दुकानं येतात, सार्वजनिक उपाहारगृहं येतात आणि चक्क 'हॉटेल' हा शब्द येतो. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते हेही येतात. समतेची एवढी मोठी गोष्ट चालू असताना मध्येच हॉटेल आणि तलाव कशाला, असं मला शाळेत वाटायचं. मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते आणि ते बडोद्याच्या जिन्यावरून व दौलताबादच्या हौदावरून आलेले होते, हे लक्षात घेतल्यावर तो प्रश्न उरत नाही. पुढे 1955 साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा झाला. त्यात हॉटेलबरोबर धर्मशाळा आहे, सराई आहे आणि 'मुसाफिरखाना'ही आहे. तोच मुसाफिर, भारताच्या कायद्यात.

म्हणून कारातायचा वक्फनामा आणि आपलं हे पोटकलम मला एकाच जातीचे कागद वाटतात. मधे सातशे वर्षं आहेत, पण दोन्हीकडे जो दाराबाहेर उभा राहिला होता त्याच्या हातात लेखणी आली. आणि त्याने 'पाहुण्यांशी चांगलं वागा' असा उपदेश केला नाही. कुणाकुणाला आत घ्यायचं याची यादीच लिहून टाकली. मोघम लिहिलं की माणसं पळवाट काढतात, हे ज्याने भोगलं त्याला पक्कं माहीत असतं. आम्ही प्रोग्रॅमर लोक यालाच प्रत्येक केस लिहून काढणं म्हणतो.

कागदाने सगळं मिटलं असंही नाही. पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा भाड्याने खोली शोधत होतो. एजंटने नाव विचारलं. सांगितलं. मग म्हणाला, "पूर्ण नाव?" आडनाव सांगितल्यावर, ती खोली कालच गेली, असं कळलं. दुसऱ्या दिवशी माझा कुलकर्णी आडनावाचा मित्र ती बघून आला. हॉटेल घटनेत आहे, पण भाड्याची खोली कुणाचं तरी खाजगी घर असते. पारशी नाव लिहिण्याची तोड तिथे कुणी सुचवली नाही, एवढाच फरक.

गोरेमेहून निघताना, तिसऱ्या दिवशी, काकांना रजिस्टरची आठवण झाली. पासपोर्ट मागून घेतला, चष्मा लावला आणि माझं नाव एकेक अक्षर जुळवत लिहिलं. आडनावाशी अडखळले. मोबाइलवर विचारलं, "याचा अर्थ काय?" मी म्हटलं, गावाचं नाव आहे, त्यावरून आडनाव. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या रकान्यात गेले. माझं आडनाव विचारून कुणीतरी त्यापुढे फक्त पुढचा रकाना भरला, हे मला फार दिवसांनी अनुभवायला मिळालं.

त्यांना मी माहूरला यायचं आमंत्रण दिलं आहे. गावात हॉटेल म्हणजे चहा-भजी, झोपायला लॉज किंवा भक्तनिवास, हे आधीच समजावून सांगितलंय. पण ते आले तर आमच्याच घरी उतरतील. माझी खोली देईन, मी गच्चीवर झोपेन. नाव-गाव आई सकाळी चहाच्या वेळी विचारेलच.