संपलेल्या कथेचा उत्तरभाग आणि श्रोत्यांचा अधिकार

एखादी कथा संपली असे कोणी ठरवावयाचे, आणि संपलेली कथा पुढे चालवावयाची झाल्यास तो अधिकार कोणाचा, हे दोन प्रश्न वाङ्मयाच्या इतिहासात वारंवार उपस्थित झालेले आहेत. अलीकडे विज्ञानकथात्मक चित्रपटांच्या निमित्ताने ते विशेष तीव्रतेने पुढे आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲडम ड्रायव्हर या अमेरिकन नटाने एका मुलाखतीत एक हकिकत सांगितली. 'स्टार वॉर्स' या चित्रपटमालेतील बेन सोलो या पात्राची पुढील कथा त्याने व स्टीव्हन सोडरबर्ग या दिग्दर्शकाने मिळून योजिली होती. लुकासफिल्म या निर्मितीसंस्थेस ती पसंत पडली. परंतु संस्थेची मालक असलेल्या डिस्ने कंपनीच्या वरिष्ठांनी ती नाकारली. २०१९ च्या चित्रपटात मरण पावलेले पात्र पुन्हा जिवंत कसे दाखवावयाचे, हा त्यांचा आक्षेप होता. थोड्याच दिवसांत काही चाहत्यांनी विमानाला फलक बांधून तो बरबँक येथील डिस्नेच्या चित्रनगरीवरून फिरविला आणि हा चित्रपट वाचवावा अशी मागणी केली. जो चित्रपट निघालाच नाही, तो वाचविण्यासाठी झालेली ही खटपट होती.

अशा वर्तनाची संभावना पोरकटपणा म्हणून करणे सोपे आहे. तथापि मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला यातील मूळ प्रश्न अनोळखी वाटण्याचे कारण नाही. भीमेच्या खोऱ्यात तीनशे वर्षे चालत आलेल्या पोथीवाचनाच्या परंपरेने हाच प्रश्न आपल्या पद्धतीने सोडविला होता. पंढरपूरच्या उत्तरेस असलेल्या करकंबसारख्या गावी चातुर्मासात पोथी लावावयाची, एकाने ओव्या वाचावयाच्या, दुसऱ्याने अर्थ सांगावयाचा आणि शेवटी प्रसाद वाटून समाप्ती करावयाची, ही रीत या सर्व मुलखात रूढ होती. समाप्ती कोठे करावयाची, हा तेथे केवळ सोयीचा प्रश्न नव्हता. ग्रंथ कोठे संपतो याविषयीचा तो एक निर्णय होता.

या मुलखाचा सर्वांत लोकप्रिय ग्रंथकार म्हणजे श्रीधर होय. आजच्या सोलापूर जिल्ह्यातील माण नदीकाठचे नाझरे हे त्याचे गाव, आणि पंढरपूर ही त्याची कर्मभूमी. त्याचा 'हरिविजय' १७०२ मध्ये, 'रामविजय' १७०३ मध्ये, 'पांडवप्रताप' १७१२ मध्ये आणि 'शिवलीलामृत' १७१८ मध्ये पूर्ण झाले. यातील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. कृष्णाची कथा आधी आणि कृष्णापूर्वी होऊन गेलेल्या रामाची कथा मागाहून, असा हा क्रम आहे. पुढे 'पांडवप्रतापा'त कृष्ण पुन्हा येतो. कथेतील काळाचा क्रम आणि ग्रंथरचनेचा क्रम भिन्न असल्याने श्रोत्यांचा गोंधळ झाला असे दिसत नाही. प्रत्येक ग्रंथ स्वतंत्रपणे आरंभ पावतो आणि आपल्या समाप्तीपाशी मिटतो. ग्रंथकार स्वतःच नवा ग्रंथ रचतो, तेव्हा श्रोत्यांना त्यात आगंतुक काही वाटत नाही. कथाविस्ताराचा हा पहिला प्रकार होय.

दुसरा प्रकार अपूर्ण ग्रंथाच्या पूर्तीचा. एकनाथांचे 'भावार्थरामायण' हे याचे ठळक उदाहरण आहे. सुमारे ४० हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे युद्धकांड चालू असता, त्याच्या ४४ व्या अध्यायापाशी एकनाथांची रचना थांबते. १५९९ मध्ये त्यांनी देह ठेवला. उरलेले युद्धकांड आणि संपूर्ण उत्तरकांड गावबा नावाच्या त्यांच्या शिष्याने रचिले, असे परंपरा सांगते. गावबाने आपले नाव पुढे केले नाही. गुरूचीच नाममुद्रा चालविली. पोथी ऐकणाऱ्या समाजाने ही पूर्ती स्वीकारली आणि ग्रंथ एकनाथांचाच मानला. पूर्ती करणाऱ्याने स्वतःचे नाव लोपविणे, ही जणू त्या स्वीकाराची अट होती.

येथे एक विलक्षण योग दिसतो. ज्या एकनाथांचा ग्रंथ दुसऱ्याच्या हातून पूर्ण झाला, त्यांनीच शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये, 'ज्ञानेश्वरी'चे संशोधन करून तिच्यात शिरलेले अपपाठ दूर केले होते. इतकेच नव्हे, तर यापुढे कोणी आपली ओवी तीत घालू नये, असा कडक इशाराही त्यांनी संशोधनाच्या अखेरीस दिला. वरवर पाहता या दोन गोष्टींत विसंगती भासते. परंतु 'ज्ञानेश्वरी' पूर्ण झालेली होती. तिच्या अखेरीस पसायदान आहे, आणि शके १२१२ हा रचनाकालही तेथेच नमूद आहे. 'भावार्थरामायण' अपूर्ण होते. पूर्ण झालेल्यात भर घालू नये आणि अपूर्ण राहिलेले अपूर्ण सोडू नये, असे या परंपरेचे अलिखित सूत्र मांडता येईल. हे सूत्र एकदा ध्यानी आले की विसंगती उरत नाही.

तिसरा प्रकार या सूत्राच्या भंगाचा आहे, आणि म्हणूनच तो अधिक उद्बोधक आहे. 'शिवलीलामृत' श्रीधराने १४ अध्यायांत पुरे केले. बारामती येथे ग्रंथ सिद्ध झाल्याचा आणि शके १६४० या कालाचा निर्देश १४ व्या अध्यायात येतो. म्हणजे ग्रंथावर समाप्तीची मोहोर तेथेच उमटलेली आहे. असे असूनही अनेक प्रतींत १५ वा अध्याय आढळतो. तो मागाहून जोडलेला आहे, असे सामान्यतः मानले जाते. या अध्यायाविरुद्ध कोणी गर्जना केली नाही आणि त्याच्यासाठीही केली नाही. ज्याला तो हवा होता त्याने तो उतरवून घेतला. ज्याला नको होता त्याने १४ व्या अध्यायापाशी समाप्ती केली. नित्यपाठासाठी केवळ ११ वा अध्याय वाचणारी घरेही पुष्कळ आहेत. ग्रंथाची व्याप्ती किती मानावयाची, हा निर्णय अशा रीतीने प्रत्यक्ष वाचणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या हाती राहिला.

हेच प्राचीन महाकाव्यांनाही लागू पडते. वाल्मीकिरामायणातील बालकांडाचा बराच भाग आणि उत्तरकांड हे मागाहूनचे आहेत, असे बहुसंख्य संशोधकांचे मत आहे. युद्धकांडाच्या अखेरीस येणारी फलश्रुती हे त्याचे एक गमक मानले जाते. म्हणजे नायकाच्या मूळ कथेला पुढे एक पूर्वकथा आणि एक उत्तरकथा जोडली गेली. सीतात्यागामुळे उत्तरकांड अनेकांना आजही रुचत नाही. ते वगळून राज्याभिषेकापाशी कथा थांबविणारे कथेकरीही आहेत. चाहत्यांची प्रतिक्रिया म्हणून आज जी ओळखली जाते, ती येथे शब्दांतून व्यक्त न होता कृतीतून व्यक्त झालेली आहे.

ही तीन उदाहरणे समोर ठेवून 'स्टार वॉर्स'चा इतिहास पाहिल्यास त्यातील भांडणाचे स्वरूप स्पष्ट होते. जॉर्ज लुकास याचा पहिला चित्रपट १९७७ मध्ये आला. त्याचे उत्तरभाग १९८० आणि १९८३ मध्ये निघाले. १९८१ च्या पुनःप्रदर्शनाच्या वेळी पहिल्या चित्रपटाला 'चौथा भाग' असे उपशीर्षक जोडण्यात आले, आणि १९९९ ते २००५ या काळात तीन पूर्वभाग निघाले. 'हरिविजया'नंतर 'रामविजय' यावा तसाच हा क्रम. या पूर्वभागांवर टीका पुष्कळ झाली. परंतु ती बहुतांशी गुणवत्तेवर होती. कथा पुढेमागे नेण्याचा लुकासचा अधिकार सामान्यतः कोणी नाकारला नाही.

अधिकाराचा प्रश्न उपस्थित झाला तो दोन निराळ्या प्रसंगी. १९९७ मध्ये लुकासने आपल्याच पहिल्या तीन चित्रपटांत फेरफार करून ते पुन्हा प्रदर्शित केले, आणि पुढे मूळ पाठ मिळणे दुर्घट झाले. तेव्हा काही चाहत्यांनी जुन्या प्रती जुळवून, एकेक दृश्य ताडून, १९७७ चा पाठ परिश्रमपूर्वक पुन्हा सिद्ध केला. हे काम कायद्याच्या चौकटीबाहेरचे असले, तरी पद्धतीने ते पाठसंशोधनच होते. फरक एवढाच की, एकनाथांनी परक्यांच्या हातून शिरलेले पाठ काढले, आणि येथे कर्त्यानेच घातलेले पाठ श्रोत्यांनी काढले.

दुसरा प्रसंग स्वामित्व बदलल्यानंतरचा. ऑक्टोबर २०१२ मध्ये डिस्नेने लुकासफिल्म सुमारे ४०५ कोटी डॉलर्सना विकत घेण्याचा करार केला. एप्रिल २०१४ मध्ये या कथाविश्वावर आधारलेल्या, अनेक वर्षांत लिहिल्या गेलेल्या कादंबऱ्या व चित्रकथा यापुढे प्रमाण मानल्या जाणार नाहीत, असे जाहीर झाले. त्यांना 'दंतकथा' या अर्थाचे नवे शीर्षक मिळाले. अर्थात क्षेपक कोणते आणि मूळ कोणते, याचा निकाल एका पत्रकाने लागला. २०१७ मधील 'द लास्ट जेडाय' हा आठवा भाग काहींना इतका अप्रिय वाटला की, तोच प्रमाणग्रंथांतून वगळावा, असा अर्ज निघाला आणि त्यावर लाखाहून अधिक सह्या झाल्या. करकंबच्या श्रोत्याला १५ वा अध्याय नको असता त्याने पोथी मिटली असती. अर्ज करण्याची त्याला आवश्यकता नव्हती.

या फरकाचे मूळ प्रसाराच्या साधनांत आहे. हस्तलिखिताच्या युगात प्रत करणारा, वाचणारा आणि ऐकणारा हे बहुधा एकाच समाजाचे घटक होते. कोणता पाठ जगावयाचा हे प्रत करण्याच्या कष्टाने ठरत असे. जो भाग कोणाला नको, त्याची प्रत होत नसे. एकोणिसाव्या शतकात शिळाछापाने व नंतर खिळ्यांच्या छपाईने हा अधिकार हळूहळू प्रकाशकाकडे नेला. चित्रपटात तो पूर्णपणे निर्मात्याकडे गेला. प्रेक्षकाजवळ उरले ते दोनच अधिकार : तिकीट काढणे किंवा न काढणे, आणि बोलणे. चाहत्यांचा आवाज मोठा झाला याचे कारण त्यांचा सहभाग आक्रसला, हे होय.

अमेरिकन इतिहासातही याला आधार सापडतो. १९६८ मध्ये 'स्टार ट्रेक' ही दूरदर्शनमालिका बंद होणार अशी वदंता उठताच प्रेक्षकांनी पत्रांचा वर्षाव केला आणि मालिकेचे तिसरे वर्ष निघाले. त्यापूर्वी इंग्लंडमध्ये कॉनन डॉयलने १८९३ मध्ये मारलेला शेरलॉक होम्स वाचकांच्या सततच्या मागणीनंतर १९०३ मध्ये परत आला. मात्र होम्सला परत आणणारा लेखक तोच होता. बेन सोलोच्या बाबतीत मूळ कर्ता बाजूस झालेला आहे, नट तयार आहे, श्रोते उत्सुक आहेत, आणि नकार मालकाचा आहे. गावबाच्या प्रसंगी मालक या नात्याने कोणी उभाच नव्हता.

मराठी चित्रपटसृष्टीतही हा प्रश्न आता येऊन ठेपला आहे. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' १९९३ मध्ये आला. तो विज्ञानकथा नव्हे, मंत्रतंत्राची कथा आहे. परंतु त्यातील तात्या विंचू हा बाहुला मराठी प्रेक्षकांच्या दोन पिढ्यांना परिचित आहे. नायकाची भूमिका करणारे लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी निवर्तले. २०१३ च्या दुसऱ्या भागात कथा नायकाच्या पुत्राकडे गेली. म्हणजे गेलेल्याची जागा रिकामी ठेवून कथा पुढे सरकली. तिसऱ्या भागाची घोषणा झाल्यावर मात्र, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने बेर्डे यांना पुन्हा पडद्यावर आणण्याचा मनोदय दिग्दर्शकाने व्यक्त केला. १९९४ मध्ये निवर्तलेल्या पीटर कुशिंग या नटाचा चेहरा २०१६ च्या 'रोग वन' या चित्रपटात अशाच यांत्रिक रीतीने आणला गेला होता. गावबाने गुरूची मुद्रा घेतली, तेव्हा गुरूच्या नावाखाली त्याने स्वतःचे कष्ट अर्पण केले. चेहरा ही नटाची मुद्रा मानली, तर येथे ती मुद्रा तिच्या धन्याच्या पश्चात दुसऱ्यांनी उमटवावयाची आहे. बेर्डे यांच्यावर प्रेम करणाऱ्या प्रेक्षकाला एकाच वेळी आनंद आणि संकोच वाटावा, असा हा पेच आहे.

तात्पर्य, उत्तरभागाविषयीची प्रतिक्रिया ही केवळ आवडनिवडीची बाब नाही. जी कथा श्रोत्यांनी स्मरणात ठेवून जगविली, तिच्या सीमा ठरविण्यात आपलाही वाटा आहे, हा त्यामागील दावा आहे. पोथीच्या परंपरेने हा वाटा गाजावाजा न करता मान्य केला होता. तो किती प्रमाणात होता, हे मोजण्याचे साधन आजही उपलब्ध आहे. करकंब आणि आसपासच्या गावांतून, जुन्या घरांच्या कोनाड्यांत व देवळांत, कसर लागत चाललेल्या हस्तलिखित पोथ्या अद्याप आढळण्याचा संभव आहे. त्यांतील 'शिवलीलामृता'च्या प्रती १४ व्या अध्यायापाशी संपतात की १५ व्या, १५ वा अध्याय त्याच हाताने लिहिला आहे की मागाहून जोडलेल्या पानांवर, आणि कोणत्या पानांच्या कडा बोटांनी अधिक झिजल्या आहेत, याची गाववार नोंद झाली, तर श्रोत्यांच्या निर्णयाचा एक लेखी पुरावा हाती येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे काम पोथ्या नष्ट होण्यापूर्वी हाती घेणे अगत्याचे आहे.