स्वनिम व रूपिम : संकल्पनांचा विकास

उच्चारित भाषेत अर्थभेद घडवून आणणारा, पण स्वतः निरर्थक असलेला लघुतम घटक म्हणजे स्वनिम आणि अर्थ वा व्याकरणिक कार्य असलेला लघुतम घटक म्हणजे रूपिम. ‘काल’ व ‘काळ’ यांतील भेद फक्त ल आणि ळ यांवर अवलंबून आहे. म्हणून मराठीत ते दोन स्वनिम होत. ‘झाडे’ या शब्दात ‘झाड’ व बहुवचनदर्शक ‘-ए’ असे दोन रूपिम आहेत. हे घटक प्रत्यक्ष ध्वनीत असतात की भाषकाच्या मनात, हा या संकल्पनांच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

दोन्ही विचारांची पूर्वरूपे प्राचीन भारतीय व्याकरणपरंपरेत आढळतात. पाणिनीने (इ. स. पू. सु. पाचवे-चौथे शतक) शब्दाचे प्रकृती व प्रत्यय असे पृथक्करण केले. पतंजलीने (इ. स. पू. दुसरे शतक) महाभाष्यात ध्वनी व स्फोट यांत भेद केला : उच्चार द्रुत असो वा विलंबित, ध्वनी बदलतो, स्फोट तोच राहतो.

फ्रान्समध्ये १८७३ साली पुढे आलेल्या ‘फोनेम’ या संज्ञेचा अर्थ केवळ भाषाध्वनी असा होता. रशियातील कझान येथे यान बोदवँ द कूर्तने (१८४५–१९२९) व त्याचा शिष्य मिकोवाय क्रूशेफ्स्की (१८५१–८७) यांनी तिला नवा आशय दिला. बोदवँने स्वनिम हे ध्वनीचे मानसिक प्रतिरूप मानले. ‘मॉर्फीम’ ही संज्ञाही त्याचीच. प्राग संप्रदायाच्या न्यिकलाय त्रुबेत्स्कॉयने मात्र मनाऐवजी भाषाव्यवस्थेतील विरोधांवर भर दिला. त्याचा ग्रंथ १९३९ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाला.

अमेरिकेत हा मतभेद १९३३ साली ठळक झाला. लेनर्ड ब्लूमफील्डने मनाचा आधार न घेता दोन्ही घटकांची व्याख्या केली. त्याच वर्षी एडवर्ड सपीरने उलट पुरावा मांडला. दक्षिण पायूट भाषेत स्वरानंतर ‘प’ चा उच्चार घर्षक होतो; तथापि शब्दाची अक्षरे सुटी करून म्हणण्यास सांगताच भाषकाने तेथे स्पष्ट ‘प’ उच्चारला. तो जे बोलत होता, त्याहून वेगळेच त्याला जाणवत होते. पुढे मॉरिस हॅले याने १९५९ मध्ये स्वनिमाच्या स्वतंत्र पातळीची गरजच नाकारली.

वाद संपला नसला, तरी लिपी नसलेल्या भाषेसाठी लेखनपद्धती ठरविताना या विश्लेषणाचा आधार घ्यावाच लागतो. लिपी असलेल्या भाषेतही ते आवश्यक ठरते. ‘जग’ (विश्व) यातील तालव्य ज आणि ‘जग’ (जिवंत राहा) यातील दंततालव्य ज देवनागरीत एकाच अक्षराने लिहितात. मराठी भाषक मात्र त्यांत गफलत करीत नाही. अक्षर एक असले, तरी स्वनिम दोन आहेत.