किल्लारीचा आकडा आणि कोशाचा आधार

किल्लारीच्या भूकंपात किती माणसे दगावली? लातूर जिल्ह्यातील एखाद्या वर्गात हा प्रश्न विचारला, तर बरीच मुले ‘दहा हजार’ असे सांगतील. महाराष्ट्र शासनाने दिलेला आकडा ७,९२८ आहे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या नोंदीत तो ९,७४८ आहे. समजा, आपला एखादा विद्यार्थी मराठी विकिपीडियातील या भूकंपावरचा लेख सुधारावयास बसला आहे. त्याने यांतील कोणता आकडा लिहावा?

उत्तराकडे वळण्यापूर्वी मराठी कोशांचा इतिहास थोडा पाहावयास हवा. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे काम हाती घेतले आणि त्याचे २३ खंड पुरे केले. त्या खंडांवर वाचकाने विश्वास ठेवला, तो संपादकाच्या विद्वत्तेवर. पुढे १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाई येथे ‘मराठी विश्वकोश’ आकाराला आला व त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. विश्वकोशातील नोंदीखाली लेखकाचे नाव असते आणि अनेक नोंदींना संदर्भग्रंथांची यादीही जोडलेली असते. म्हणजे येथे विश्वासाला दोन आधार झाले: लिहिणारा माणूस आणि त्याने वाचलेले ग्रंथ.

विकिपीडिया हा कोश २००१ साली इंग्रजीत सुरू झाला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासूनचा आहे. येथे कोणीही लिहू शकतो. लिहिणारा प्राध्यापक आहे की दहावीचा विद्यार्थी, हे वाचकाला कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. केतकरांच्या वेळचा पहिला आधारच येथे गळून पडला. उरला तो दुसरा. म्हणून या कोशाचा नियम असा, की शंका घेता येईल अशा प्रत्येक विधानाला छापील वा अन्यथा प्रसिद्ध झालेला, विश्वासार्ह आधार दाखवावा. तो नसेल, तर कोणीही त्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण करू शकतो. नवा लेखक ही खूण पाहून हिरमुसतो. त्याला वाटते, आपल्याला खोटे ठरविले. वस्तुतः त्याला एवढेच विचारलेले असते, की हे तुम्हाला कोठून कळले?

आता किल्लारीकडे वळू. भूकंपाची वेळ आपण ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे अशी सांगतो. अमेरिकी संस्थेच्या यादीत मात्र तारीख २९ सप्टेंबर आणि वेळ रात्री १० वाजून २५ मिनिटे अशी आढळते. उतावळा लेखक यांतील एक चूक म्हणून खोडून टाकील. परंतु त्या यादीतील वेळ जागतिक प्रमाणवेळ आहे. तीत साडेपाच तास मिळविले, की आपली पहाट येते. दोन्ही नोंदी बरोबर आहेत. आधार पाहावयाचा तो केवळ आकडा उचलण्यासाठी नव्हे, तर तो आकडा कोणत्या मापाने मोजला आहे हे समजून घेण्यासाठी.

मृतांच्या संख्येचेही असेच आहे. दोन आकड्यांची सरासरी काढावयाची नाही, की मोठा म्हणून एक निवडावयाचा नाही. शासनाचा आकडा शासनाच्या नावाने आणि दुसरा त्या संस्थेच्या नावाने द्यावा, आणि प्रत्येकापुढे अहवालाचे नाव, वर्ष व पृष्ठ लिहावे. ‘दहा हजार’ ही मोघम संख्या आहे. ती वापरावयाची तर ‘सुमारे’ हा शब्द आणि कोणाच्या आधारे, हे दोन्ही हवे. ती संख्या दहा वर्तमानपत्रांत सापडली म्हणून पक्की होत नाही. एकाच विहिरीचे पाणी दहा घागरींत भरले, म्हणून विहिरी दहा होत नाहीत.

लातूरच्या नावाचे उदाहरणही घेण्याजोगे आहे. नवव्या शतकातील राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या कोरीव लेखांत ‘लट्टलूर नगरीचा स्वामी’ अशा अर्थाचे बिरुद येते. हे झाले मूळ साधन. ते लट्टलूर म्हणजेच आजचे लातूर, हा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. अनंत सदाशिव आळतेकर यांनी राष्ट्रकूटांवरील आपल्या १९३४ च्या इंग्रजी ग्रंथात तो मांडला आहे. ‘लातूर ही राष्ट्रकूटांची मूळ नगरी होय’ असे सरळ लिहिण्यापेक्षा ‘आळतेकरांच्या मते’ असे लिहिणे अधिक खरे. पुरावा आणि अनुमान यांतील रेघ वाचकाला दिसली पाहिजे.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगावयास हवी. त्या पहाटे ढिगाऱ्याखालून बाहेर आलेल्या आजोबांनी नातवाला जे सांगितले, ते विकिपीडियात घालता येत नाही, कारण दूरच्या वाचकाला ते ताडून पाहता येत नाही. म्हणून ते खोटे ठरत नाही. अशा आठवणी शाळेच्या अंकात, गावाच्या इतिहासात, एखाद्या नियतकालिकात नाव व तारखेसह छापून याव्यात. मग कोणी अभ्यासक त्यांचा उपयोग करील आणि त्याच्या ग्रंथातून त्या कोशात पोचतील. वाट लांबची आहे, पण त्या वाटेवरच्या प्रत्येक पावलाची खूण मागे राहते.

वर्गात एक छोटा उपक्रम करून पाहावा. आपल्या गावावरील कोशातल्या लेखातील पाच वाक्ये फळ्यावर लिहावीत आणि प्रत्येकापुढे मुलांना तीन प्रश्न विचारावेत: हे कोणी सांगितले? त्याला कसे कळले? आपल्याला ते कोठे पाहता येईल? जिल्ह्याचे गॅझेटिअर, जनगणनेच्या पुस्तिका, विश्वकोशाचे खंड हाताशी ठेवावेत. पाचांपैकी दोन वाक्यांना आधार सापडला, तरी तास सत्कारणी लागला असे समजावे. उरलेल्या तिन्हींपुढे मुलांनी स्वतःच ‘संदर्भ हवा’ असे लिहावे. किल्लारीच्या मृतांची संख्या लिहिताना तर ही सवय फार मोलाची आहे. कारण त्या आकड्यातील प्रत्येक एकक हा कोणाच्या तरी घरचा माणूस होता.