‘नुक्कड’वरचे कादरभाई आणि करीम

१९८६ साली या देशात ‘मुसलमान’ या शब्दाभोवती मोठा गलका उठला होता. शहाबानो खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एप्रिल १९८५ मध्ये लागला होता. फेब्रुवारी १९८६ मध्ये अयोध्येत बाबरी मशिदीचे कुलूप उघडले गेले. त्याच वर्षी मुस्लिम महिलांसंबंधीचा कायदा संसदेत संमत झाला. भिवंडी आणि मुंबईची १९८४ सालची दंगल लोक अजून विसरले नव्हते. वर्तमानपत्रात मुसलमान दिसायचा तो एकतर मोर्चात, नाहीतर खटल्यात, नाहीतर मृतांच्या आकड्यात.

नेमके त्याच वर्षी दूरदर्शनच्या पडद्यावर एक मुसलमान हॉटेलवाला गल्ल्यावर बसून उधारीचा हिशेब मांडू लागला आणि शेजारी दुसरा एक मुसलमान लोकांच्या दाढ्या करू लागला. पहिला कादरभाई, दुसरा करीम हज्जाम. मालिकेचे नाव ‘नुक्कड’. मालिका १९८६-८७ मध्ये चालली आणि तिचे चाळीसएक भाग झाले. आमच्या पिढीने ती तेव्हा पाहिलेली नाही, कारण आमचा जन्मच त्यानंतरचा. आम्ही ती मागाहून, इंटरनेटवर पाहिली. तेव्हाच्या आठवणींचा जिव्हाळा आमच्यापाशी नाही. म्हणूनच ती जरा तटस्थपणे तपासून पाहावी असे वाटले.

‘नुक्कड’ जन्माला आली ती दूरदर्शनच्या एका विशिष्ट काळात. १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले, राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, पाठोपाठ गावोगाव प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली. जुलै १९८४ मध्ये ‘हम लोग’ सुरू झाली आणि प्रायोजित मालिकांचा रस्ता खुला झाला. निर्मात्याने भाग तयार करायचा, प्रायोजकाने पैसा घालायचा, त्या बदल्यात त्याला जाहिरातीची वेळ मिळायची, आणि दाखवायचे की नाही हे दूरदर्शनने ठरवायचे, असा तो व्यवहार होता. वाहिनी एकच असल्यामुळे जे दाखवले जाई ते सारा देश एका वेळी पाही. समांतर सिनेमावाल्यांना वितरक मिळत नव्हते. इथे त्यांना घरबसल्या प्रेक्षक मिळाला.

सईद अख्तर मिर्झा आणि कुंदन शाह हे या मालिकेचे दिग्दर्शक. दोघेही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. सईद मिर्झांचे ‘अरविंद देसाई की अजीब दास्तान’ (१९७८), ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’ (१९८०) आणि ‘मोहन जोशी हाजिर हो’ (१९८४) हे सिनेमे येऊन गेले होते. कुंदन शाहांचा ‘जाने भी दो यारो’ १९८३ चा. सईद यांचे वडील अख्तर मिर्झा यांनी ‘नया दौर’ आणि ‘वक्त’ लिहिले होते. सईद यांचे भाऊ अझीझ मिर्झा हेही याच गोतावळ्यातले. ‘नुक्कड’चे लेखन प्रामुख्याने प्रबोध जोशी यांचे. म्हणजे ज्या मंडळींनी हा नाका उभा केला, त्यांची स्वतःची बैठकही त्या नाक्यासारखीच मिश्र होती.

या नाक्यावर नायक कुणी नाही. इलेक्ट्रिकची कामे करणारा गुरू (दिलीप धवन) सगळ्यांना धरून ठेवतो, एवढेच. सायकली दुरुस्त करणारा हरी (पवन मल्होत्रा), घरकाम करणारी राधा (संगीता नाईक), गणपत हवालदार (अजय वढावकर), घनशू भिकारी (सुरेश भागवत), पानवाला चौरसिया, दारूत बुडालेला खोपडी (समीर खक्कर), आणि सगळे जिला मानाने ‘टीचरजी’ म्हणतात ती शिक्षिका (रमा विज). यांच्यातच कादरभाई (अवतार गिल) आणि करीम (जावेद खान). प्रत्येकाची ओळख त्याच्या धंद्यावरून. कुणाच्याही खिशात पैसा नाही, म्हणून एकाची अडचण संध्याकाळपर्यंत सगळ्यांची होते. नाव कादर आहे हे लपवलेले नाही आणि त्याचा डांगोराही पिटलेला नाही. कादरने चांगला मुसलमान असल्याचा पुरावा कुणी मागत नाही आणि तोही देत बसत नाही.

ही गोष्ट साधी वाटते. पण त्याआधीच्या पडद्यावरचा मुसलमान आठवून पाहावा. ‘चौदहवी का चाँद’ (१९६०), ‘मेरे महबूब’ (१९६३), ‘पाकीजा’ (१९७२) यांत लखनवी शेरवानी, चिलमन, मुजरा आणि नवाब. नाहीतर नायकासाठी प्राण देणारा खानचाचा. ‘गर्म हवा’ (१९७४) सारखा सिनेमा अपवादच. सोलापूरच्या विडी कारखान्याशी, मालेगावच्या मागाशी, कोकणातल्या आमच्या मासळी-भाताशी त्या नवाबाचा काय संबंध? कादरभाईचा मात्र होता. असा हॉटेलवाला आपल्या प्रत्येक तालुक्याच्या एस. टी. स्टँडसमोर बसलेला असतो.

भाषेचेही तसेच. दूरदर्शनच्या बातम्यांची हिंदी संस्कृतप्रचुर होती, तर ‘मुस्लीम सोशल’ सिनेमांची उर्दू दरबारी. ‘नुक्कड’वर लोक मुंबईच्या रस्त्यावरची हिंदुस्तानी बोलतात. तिच्यात उर्दू आहे, मराठी आहे, गुजराती वळण आहे. उर्दू शाळेत शिकवताना आम्हांला रोज दिसते, की मुले वर्गात एक उर्दू वाचतात आणि मैदानावर दुसरीच बोलतात. ती दुसरी बोली शुद्ध नाही म्हणून तिला हिणवले जाते. या मालिकेने त्या बोलीला देशाच्या पडद्यावर मानाने बसवले.

तरीही ‘नुक्कड’चे नुसते गोडवे गाऊन भागणार नाही. मालिका बहुतेक रस्त्यावर घडते, कॅमेरा कादरभाईच्या घरात फारसा शिरत नाही. त्याच्या घरात पाणी किती वाजता येते, मुले कोणत्या शाळेत जातात, बायको काय म्हणते, हे आपल्या मनावर ठसत नाही. राधा आहे, टीचरजी आहेत, पण लक्षात राहावी अशी मुसलमान स्त्री मुख्य पात्रांत नाही. ज्या वर्षी सारा देश मुसलमान स्त्रीबद्दल भांडत होता, त्या वर्षी नाक्यावर तिचा आवाज नव्हता. गरिबीही इथे जरा गोड करून दाखवली आहे. हवालदाराचा जाच हसण्यावारी जातो. प्रत्यक्षात तो तसा जात नाही, हे मोहल्ल्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

हे सईद मिर्झांना दिसत नव्हते असे नाही. १९८९ मध्ये त्यांनी ‘सलीम लंगडे पे मत रो’ हा सिनेमा केला आणि नाक्यावरचा हरी, म्हणजे पवन मल्होत्रा, यांनाच सलीम केले. गिरणीतली बापाची नोकरी गेलेली, पोरगा लहानसहान गुन्ह्यांत अडकलेला. बहिणीचे स्थळ म्हणून येतो तो उर्दू वर्तमानपत्रात मुद्रिते तपासणारा अस्लम, आणि त्याच्या संगतीने सलीम सुधारू पाहतो. पण त्याचा खून होतो. नाक्यावर जे हसून निभावले, ते इथे निभत नाही.

पुढे डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३. मुंबईच्या दंगलीत ९०० माणसे मेली असे श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले. मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यात २५७ गेली. अनेक कादरभाई मिश्र वस्ती सोडून आपापल्या लोकांत राहायला गेले, आणि त्यांच्या शेजारचे गुरू-हरीही आपापल्यांत. ‘नया नुक्कड’ १९९३ मध्येच आली, पण पहिलीसारखी ती मनात राहिली नाही. जो नाका दाखवायचा, तोच शहरात तुटला होता. सईद मिर्झांनी १९९५ मध्ये ‘नसीम’ केला. जून ते डिसेंबर १९९२ मधली मुंबई, एक शाळकरी मुलगी, आणि कैफी आझमींनी साकारलेले तिचे आजारी आजोबा. या सिनेमासाठी त्यांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८६ चा नाका ते १९९५ चे हे आजारपण, नऊच वर्षांचे अंतर.

वारसा म्हणाल तर तोही आहे. कुंदन शाहांची ‘वागले की दुनिया’ (१९८८), अझीझ मिर्झांसोबतची ‘सर्कस’ (१९८९), या मालिका त्याच मुशीतल्या. दिलीप धवन २००० साली गेले, कुंदन शाह २०१७ साली. २०२३ च्या फेब्रुवारीत जावेद खान आणि मार्चमध्ये समीर खक्कर गेले, तेव्हा लोकांनी त्यांची आठवण काढली ती करीम आणि खोपडी याच नावांनी. चार दशके उलटत आली तरी पात्राचे नाव नटाच्या नावाआधी ओठांवर येते, याहून मोठी पावती कोणती?

पण आमच्या दृष्टीने खरा वारसा आपल्या लेखकांकडे आहे. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लीम मराठी साहित्य संमेलन भरले. मराठी साहित्यात आमचा साधा, कष्टकरी माणूस कुठे आहे, हा त्या चळवळीमागचा सल होता. ‘नुक्कड’ने पडद्यावर त्याला निम्मे उत्तर दिले. कादरभाईला गल्ल्यावर बसवले, त्याच्या नावाचा प्रश्न केला नाही. उरलेले निम्मे, म्हणजे त्याचे घर, त्याची बायको, तिचे म्हणणे, हे बाहेरच्या कुणी लिहावे अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. आज आपला बराच कागद आरोपांना उत्तरे देण्यात खर्च होतो. तीही द्यावी लागतात, पण त्यातून थोडा कागद कादरभाईच्या घरासाठी राखून ठेवला पाहिजे.